कासव किती मैलांवर

फुजैराच्या समुद्रावरचं कुठलं जहाज किती मैलांवर आहे, हे घरी बसून नुसत्या कानांनी सांगू शकणारा मी त्या काळी गावातला एकमेव मराठी माणूस होतो. त्यातलं एकही अंतर बरोबर नव्हतं, हे पुढे कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी खरेदीचं काम बघायचो. फुजैरा हे अमिरातीतलं बंदर, समोर समुद्रात कायम जहाजांची जत्रा. सगळी नांगर टाकून तेल भरून घ्यायची वाट बघत उभी. त्यांना कांदे, बटाटे, अंडी, साबण, दोरखंड पोचवणं हा आमचा धंदा. जहाज आल्याचं ज्याला आधी कळेल, त्याची लाँच आधी पोचणार. म्हणून आमचे मॅनेजर फारूकभाई यांनी ऑफिसातला एक जुना स्कॅनर मला घरी नेऊ दिला. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ. तो जहाजांचे चॅनेल एकामागून एक चाळत राहतो आणि कोणी बोललं की तिथे थांबतो. आपल्याला मधे बोलता येत नाही. (माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे ही पद्धत मला नवीन नव्हती.)

त्याची अँटेना मी गच्चीवर, वरच्या मजल्यावरच्या नायरांच्या टीव्हीच्या डिशशेजारी, पाण्याच्या टाकीला बांधली. वायर खिडकीतून हॉलमध्ये आणली आणि सोफ्याचा एक कोपरा कायमचा ताब्यात घेतला. एका महिन्यात मी या विषयातला तज्ज्ञ झालो. तज्ज्ञ व्हायला फार काही लागत नाही, घरात दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळत नसलं की पुरतं. फ्रिजवर मी किनाऱ्याचा एक नकाशा चिकटवला आणि मधुराच्या कंपासपेटीतला कंपास घेऊन आमच्या बिल्डिंगभोवती एक वर्तुळ काढलं. मधुरा म्हणजे आमची मुलगी, तेव्हा सहावीत होती.

"हे काय?" बायकोने, म्हणजे सुनंदाने विचारलं.

"आपला कव्हरेज एरिया. या वर्तुळात जो कोणी बोलेल, तो मला ऐकू येणार. बाहेरचा येणार नाही."

"आणि स्वयंपाकघर यात येतं का? मघापासून मी हाका मारतेय."

मी तिला नीट समजावून सांगितलं. या लहरी सरळ रेषेत जातात. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर मांडणीच करून दाखवली. कुकर म्हणजे आपल्यामागचे डोंगर. आमटीचं पातेलं म्हणजे आपली बिल्डिंग. तेलाची बाटली म्हणजे अँटेना. समोरचं मोकळं टेबल म्हणजे समुद्र. कुकरच्या पलीकडे दुबई, तिथलं आपल्याला काही ऐकू येणार नाही. उत्तरेला खोर फक्कानकडे डोंगराचं टोक आडवं येतं, तिथलं अर्धंमुर्धं येणार. समुद्रावर मात्र पृथ्वी गोल असल्यामुळे लहर वीस-पंचवीस मैलांनंतर वरून निघून जाते. म्हणजे ऐकू आलं की समजायचं, पंचवीस मैलांच्या आत. स्पष्ट ऐकू आलं की दहाच्या आत.

सुनंदाने कुकर उचलून गॅसवर ठेवला (डोंगरात डाळ होती) आणि म्हणाली, "मग माझ्या चंद्राचं पण तसंच होतं म्हणा की. डोंगर आडवा येतो."

हे चंद्राचं प्रकरण सांगायला हवं. सुनंदाला एकच भाऊ, शिरीष. तिच्याहून बराच धाकटा. तिने त्याला कडेवर खेळवला, पाढे शिकवले, आईचा मार चुकवून दिला. तो मर्चंट नेव्हीत गेला आणि तेव्हापासून एकाही भाऊबिजेला हाती लागला नाही. भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते, तशी ती दर वर्षी गच्चीवर ताट घेऊन जायची. पण फुजैराचा पश्चिमेकडचा सगळा भाग डोंगरांनी अडवलेला. बिजेची ती कोर आधीच नखाएवढी, ती उजेड मावळून दिसायला लागते न लागते तोच डोंगराआड जाते. एक-दोन वर्षं तर ती नुसत्या डोंगराला ओवाळून खाली आली होती. 

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शिरीषचं पत्र आलं. त्याचं जहाज तेल भरायला फुजैराला थांबणार होतं. जहाजाचं नाव 'सिल्व्हर टर्टल'. दिवस नक्की माहीत नाही, पण दिवाळीच्या आसपास. थांबणार काही तासच. वेळेवर कळलं तर जहाजाच्या तिथल्या एजंटच्या ओळखीने दोन तासांची रजा काढून किनाऱ्यावर येईन, असं त्याने लिहिलं होतं. सुनंदाने ते पत्र मोठ्याने वाचलं, मग मनात वाचलं आणि मग चिरोट्यांना किती तूप लागेल ते विचारलं. त्या दिवसापासून घरात जहाजाचं नाव 'कासव' पडलं.

"वेळेवर कळलं तर म्हणजे काय?" मी म्हणालो. "मी आहे ना. कासव आपल्या वर्तुळात शिरलं की पहिल्या मिनिटाला कळेल."

"तरी एजंटला फोन करून ठेवा."

"एजंटला काय विचारायचं? त्याला काहीही विचारा, तो 'टुमारो, इन्शाल्ला' म्हणतो."

पाडव्याच्या सकाळी तिने मला फोनसमोर उभंच केलं. मी एजंटला विचारलं, सिल्व्हर टर्टल कधी येणार. तो म्हणाला, "टुमारो, इन्शाल्ला." मी रिसीव्हर ठेवला आणि सुनंदाकडे असं काही पाहिलं की तिने पुढे विचारलंच नाही.

त्या दिवशी हवा चमत्कारिक होती. वारा अजिबात नाही. चिकचिक इतकी की खिडक्यांच्या काचांवरून बाहेरच्या बाजूने पाणी ओघळत होतं. आणि संध्याकाळी स्कॅनरला एकदम कंठ फुटला. एरवी खरखर करणारे चॅनेल घणघणीत बोलायला लागले. कोणीतरी कराचीच्या पायलटला, म्हणजे जहाज बंदरात आत नेणाऱ्या वाटाड्याला, हाका मारत होतं आणि पायलट उत्तरही देत होता.

"बघ," मी मधुराला म्हणालो, "कराचीचे पायलटसुद्धा आता फुजैरात नोकरीला लागले."

"बाबा, मे बी दे आर जस्ट इन कराची."

"वर्तुळ बघ. कराची वर्तुळात आहे का?"

"नो, बट..."

"मग खलास."

इतक्यात स्कॅनर थांबला आणि एक आवाज म्हणाला, "धिस इज सिल्व्हर टर्टल, सिल्व्हर टर्टल." दुसऱ्या एका जहाजाला तो सांगत होता की आम्ही तुमच्या उजव्या बाजूने जातो. सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली.

"शिऱ्या आहे," ती म्हणाली. "अहो, शिऱ्याच आहे. सर्दी झालीय त्याला."

तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी अंतर मोजत होतो. आवाज इतका स्वच्छ, की सर्दीसुद्धा ऐकू येतेय. म्हणजे पाच मैल. फार तर सहा. मी जाहीर केलं की अर्ध्या तासात नांगर पडेल.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. मी फारूकभाईंना फोन केला. कासवाचा भाजीपाला आमच्याच कंपनीकडून जाणार होता, त्यामुळे त्यांनी लगेच लाँच भरायला घेतली. टोमॅटो, कोबी, मटण, अंडी आणि जहाजावरच्या लोकांनी खास मागवलेले आइस्क्रीमचे डबे. ठरलं असं, की मी सामानाबरोबर लाँचने जायचं, शिरीषची रजा काढायची आणि येताना त्याला घेऊन यायचं. भाऊबीज उद्या होती, पण सुनंदा म्हणाली, उद्या कासव असेल नसेल, भेटेल तिथे ओवाळीन. ती नवी पैठणी नेसून, ओवाळणीचं ताट, चिरोट्यांचा डबा आणि मधुराला घेऊन कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. संध्याकाळी फिरायला आलेली माणसं तिच्याकडे आदराने बघत बाजूने जात होती.

आम्ही समुद्रावर गेलो. पहिलं जहाज ग्रीक. दुसरं गंजलेलं. तिसऱ्याचं नाव वाचायला लाँच अगदी खाली नेली, तर वरून कोणीतरी आमच्यावर बादली ओतली. (पाणी होतं असं मी समजून चालतो.) अर्ध्या समुद्राला प्रदक्षिणा झाली. लाँचवर वायरलेस होता, त्यावर फारूकभाईंचा आवाज आला.

"जहाज मिला?"

"यहीं है, फारूकभाई. रेंज में है."

"रेंज में है तो दिखता क्यों नहीं?"

"दिखना और सुनना अलग बात है."

"आइस्क्रीम का क्या हाल है?"

आइस्क्रीमचे हाल मी सांगितले नाहीत. ते एव्हाना अंड्यांच्या खोक्यांखालून वाहत येऊन माझ्या बुटांपर्यंत पोचलं होतं. ते स्ट्रॉबेरीचं होतं.

मी परत आलो तेव्हा कॉर्निशवर बरीच गर्दी जमली होती. कोणातरी दोन पठाणांनी सुनंदाला बसायला खुर्ची आणून दिली होती. मधुरा चिरोटे वाटत होती. सुनंदाने माझ्यामागे पाहिलं, लाँचमध्ये पाहिलं, मग माझ्या गुलाबी बुटांकडे पाहिलं आणि निरांजन विझवलं.

"येऊन गेला का हो?" तिने विचारलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला खरंच फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की गप्प बसावं एवढी अक्कल असती, तर हे सगळं घडलंच नसतं.

मी रात्रभर विचार केला आणि चूक शोधून काढली. आमचा स्कॅनर गरजेपेक्षा जास्त ऐकत होता. लांबची कुठलीतरी जहाजं घुसखोरी करत होती. तेव्हा उपाय सोपा, रेंज कमी करायची. भाऊबीज शुक्रवारी आली होती, सुट्टीच होती. सकाळीच मी अँटेना गच्चीवरून खाली आणली आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या स्टँडला बांधली. शिवाय खरखर दाबायचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, म्हणजे कमजोर आवाज आतच येणार नाही. जो येईल तो जवळचाच, शंभर टक्के.

"बाल्कनी तर डोंगराकडे आहे," सुनंदा म्हणाली.

"तू चंद्राचं बघ. रेडिओचं मी बघतो."

आणखी एक अडचण होती. फोन जवळच होता आणि त्याची घंटा वाजली की हेडफोनमध्ये गुरगुर व्हायची. म्हणून मी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. मग हेडफोन लावून बाल्कनीत बसलो.

इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. एक जहाज बोलेना. आदल्या दिवशी जो समुद्र बाजारासारखा गजबजला होता, तो आज मेल्यासारखा गप्प. दुपारी जेवायला उठलो तेवढाच. सुनंदाने दोनदा विचारलं आणि दोनदा मी मान हलवली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. ऊन उतरल्यावर तिने कालचीच पैठणी नेसली, ताट घेतलं, पाट घेतला आणि मधुराला घेऊन चंद्राकडे निघाली. जिन्यात जाताना तिने मागे वळून पाहिलं. मी हेडफोनवर बोट ठेवून तिला धीर दिला.

आता बाकीच्यांची बाजू. ही मला नंतर सांगण्यात आली, आणि पुढची कित्येक वर्षं सांगण्यात येत राहिली. सिल्व्हर टर्टलने त्या दुपारी माझ्या बिल्डिंगसमोर नांगर टाकला होता. गच्चीवरून त्याची चिमणी दिसत होती. एजंटने माझ्या घरी फोन केला, फारूकभाईंनी केला. दोघांनाही फोन एंगेज. शेवटी एजंटनेच शिरीषचा पास काढला, त्याला लाँचने किनाऱ्यावर आणलं आणि टॅक्सीत बसवलं. शिरीषने आमची बेल वाजवली. खूप वेळ वाजवली. दार ठोठावलं. माझ्या कानांवर दोन जाड हेडफोन होते आणि मी त्याचीच वाट बघत होतो. दोन तासांतला बराचसा वेळ असा दाराबाहेर चालला होता. तो परत जायला निघणार, तेवढ्यात जिन्यात नायर भेटले.

"मॅडम ऊपर टेरेस पे है," ते म्हणाले. "साहब अंदर है, लेकिन साहब का कुछ बोल नहीं सकते."

इकडे सूर्य मावळला. मी अखेरचा निष्कर्ष काढला आणि हेडफोन उतरवले. सुनंदाला सांगायला हवं होतं. तिने उगाच आशा धरून बसू नये, एवढीच माझी इच्छा होती. मी गच्चीवर गेलो. अंधारून आलं होतं. टाकीशेजारी पाटावर कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. मला वाटलं, यंदा भावाच्या जागी नायरांना बसवलं असणार. चांगली माणसं आहेत. सुनंदा ताट घेऊन उभी होती, निरांजनाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि ती रडत होती. मला गलबलून आलं.

"हे बघ सुनंदा," मी शक्य तितक्या मायेने म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस. मी दिवसभर ऐकतोय. शिरीष आज येत नाही. पंचवीस मैलांच्या आत तो कुठेही नाही. ही माझी खात्री आहे."

मधुराने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग पाटावरच्या माणसाने नाक ओढलं. सर्दी झालेली होती.

"भाऊजी," तो वळून म्हणाला, "तुमचा आवाज इकडे स्पष्ट येतोय. माझा येतोय का? ओव्हर."

मी तिथेच टाकीला टेकलो. सुनंदा रडता रडता इतकी हसली की ताटातली सुपारी घरंगळत नायरांच्या डिशखाली गेली. तिने त्याला ओवाळलं, त्याने ताटात जपानमधून आणलेलं मनगटी घड्याळ ठेवलं आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. आमच्या सगळ्यांच्या मागे डोंगरावर बिजेची कोर अगदी व्यवस्थित दिसत होती. त्या वर्षी तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

उरलेल्या वेळात शिरीष जेवला आणि जेवता जेवता त्याने मला रेडिओ शिकवला.

"काल संध्याकाळी आम्ही पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर होतो, भाऊजी. अडीचशे मैल तरी असेल."

"पण आवाज? इतका स्वच्छ?"

त्याने वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. समुद्रावर दमट हवा असते, तो म्हणाला. वारा पडला की वाळवंटातली गरम कोरडी हवा तिच्यावर अशी झाकणासारखी बसते. मग आवाज वर निसटत नाही, झाकणाखालून सरपटत शेकडो मैल येतो. या भागात उकाड्याच्या दिवसांत नेहमीचंच आहे हे.

"मग तुमचं ते वर्तुळ कामाचं नाही?" सुनंदाने मला विचारलं.

"वर्तुळ बरोबर आहे," मी म्हणालो. "हवा चुकीची होती."

"आणि आज?" शिरीषने विचारलं. "आज तर मी समोरच होतो."

मी त्याला चिरोटा वाढला. त्याने तो खाल्ला आणि आणखी दोन मागितले. जाताना तो फोनजवळ थांबला, बाजूला पडलेला रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला आणि माझ्या पाया पडला. लगेच फोन वाजला. फारूकभाई होते. सिल्व्हर टर्टल आल्याचं ते मला कळवत होते.

स्कॅनर मी शनिवारी ऑफिसात परत नेऊन दिला. फ्रिजवरचा नकाशा मात्र सुनंदाने काढू दिला नाही. बऱ्याच वर्षांनी आम्ही शारजाला राहायला गेलो, तिथेही तो तिने फ्रिजवर लावला. शिरीष आता किनाऱ्यावरच्या नोकरीत आहे आणि दर भाऊबिजेला येतो. दारावर बेल वाजली की सुनंदा आधी माझ्याकडे बघते आणि तिने काही न विचारताच मी सांगतो, की पंचवीस मैलांच्या आत कोणी नाही. मग ती दार उघडायला जाते.